नदीचे मूळ, नदीचा उगम

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपली म्हण. म्हणीत 'मूळ' आहे, 'उगम' नाही. ही निवड मला फार नेमकी वाटते. मूळ खाली जाते, त्याला फाटे फुटत राहतात. उगम वर येतो. संस्कृत 'उद्गम' म्हणजे वर निघणे. प्राकृतात 'उग्गम', मराठीत 'उगम'. 'उगवणे'ही त्याच घरातले. ग्रामाचे गाव आणि नामाचे नाव होताना 'म'चा 'व' झाला, तसाच इथेही. म्हणून सूर्य उगवतो, बाजरी उगवते आणि नदी उगम पावते.

बीड जिल्ह्यात हा शब्द पाटोदा तालुक्याला शोभतो. बालाघाटाच्या या माथ्यावर गौखाडीजवळ मांजरा उगम पावते, वाघिऱ्याजवळ बिंदुसरा, सिंदफणाही इथलीच. बिंदुसरा बीड शहरातून पुढे सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला. 'बिंदुसर' हे नाव रामायणातही भेटते: शंकराने जटेतली गंगा ज्या सरोवराकडे सोडली, ते बिंदुसर. बालाघाटातल्या लहानशा नदीच्या नावात गंगावतरणाची जागा ऐकू यावी, याचे मला अप्रूप आहे.

डेव्हिड लिव्हिंग्स्टनने मात्र मूळच विचारले. नाईलच्या उगमाच्या शोधात तो १८६६ मध्ये मुंबईहून निघाला, तेव्हा सोबत गोदाकाठच्या नाशिकजवळील शरणपूर मिशनच्या शाळेतले तरुण होते. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले ती. 'शरण' म्हणजे मुळात आसरा. 'शरण जाणे' आज हार मानण्यासाठी वापरतात, पण त्या गावाच्या नावात जुना अर्थ शाबूत आहे. लुआलाबा नदी नाईललाच मिळत असणार, या आशेवर लिव्हिंग्स्टन वर्षानुवर्षे फिरला. ती निघाली काँगोची. बांगवेउलू सरोवराभोवतीच्या दलदलीत त्याची तब्येत ढासळली आणि मे १८७३ मध्ये तो वारला.

त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले. शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना म्हटली आणि झाडावर नाव व तारीख कोरली. पुढे सोबत्यांनी देह पायी समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. इंग्रजी चरित्रांत हे तरुण बहुधा 'नासिक बॉइज' या सामूहिक नावाने येतात. मराठी वाचकाने तरी वेनराइटला नावाने ओळखावे. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तोही होता.