जावाचा कार्बोरेटर आणि टाकीचं झाकण

आमच्या घरची जावा 250 वडिलांची. टिळकवाडीतल्या अंगणात ती बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मंडळात बेळगावातल्या जुन्या गाड्यांची नोंद करायचं ठरलं, तेव्हा म्हटलं, आधी घरचीच चालू करू.

गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियातली. 1929 साली यानेचेक यांनी जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचं काम घेतलं आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून ‘जावा’ झाली. आयडियल जावा कंपनीने 1961 मध्ये म्हैसूरला उत्पादन सुरू केलं. बेळगाव 1956 पासून म्हैसूर राज्यात, म्हणजे सरकारी हिशेबात ही गाडी राज्यातलीच. 1973 मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि त्याच वर्षी गाडी ‘येझदी’ झाली. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. पुढे सुटे भाग कमी झाले, आणि त्याहून वेगाने गाडीची नस ओळखणारे मिस्त्री.

ते कसं जाणवलं, ते सांगतो. गाडी दुसऱ्या किकला चालू व्हायची. तिसरं गेट, उद्यमबाग, सगळं झकास. पिरनवाडीच्या आसपास मात्र दम लागल्यासारखी व्हायची आणि बंद. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, या गाडीला लिटरमागे 40 मिली. गाडी नुसती उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा चिकटा जेटमध्ये बसतो. म्हणून माझा संशय सरळ कार्बोरेटरवर. तीन वेळा खोलला, जेट फुंकले, फ्लोटची सुई बदलली. दर वेळी गाडी नीट चालायची आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. चमत्कारिक म्हणजे टाकी फुल्ल असली की लवकर बंद पडायची.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. मला फेरी मारायला लावली, मागे स्वतः बसले. गाडी बंद पडली तशी टाकीचं झाकण फिरवलं. ‘सूं’ करून हवा आत गेली. एक मिनिट थांबून किक मारली, गाडी चालू!

“टाकीला पण श्वास लागतोय की ओ,” मामा म्हणाले.

झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा तिथून आत यायला हवी. आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल अडतं. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर बसते. कार्बोरेटर साफ केल्यावर मी दर वेळी पेट्रोल घालायला झाकण उघडायचो, आणि गुण आला तो त्याचा! भोक बुजवलं होतं मीच. झाकण चकचकीत करताना पॉलिश आत बसलं होतं.

मामांची रीत लिहून ठेवली आहे. गाडी बंद पडली की आधी झाकण उघडायचं. मग नळी काढून धार बघायची. मग प्लग: चहाच्या रंगाचा असेल तर ठीक, काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त किंवा करंट कमी, पांढरा कोरडा असेल तर पेट्रोल कमी किंवा कुठून तरी फुकटची हवा ओढतेय. गास्केट आणि क्रँकचं सील बघितल्याशिवाय जेट बदलायचा नाही. कार्बोरेटर खोलायचा सगळ्यात शेवटी.

वडिलांच्या हत्यारांच्या पिशवीत दोऱ्याने बांधलेली एक टाचणी होती. सीट शिवायची असेल म्हणून मी ती नोंदीतून वगळली होती. मामांनी बघताक्षणी सांगितलं, झाकणाची.

आपण गाडीचा नंबर, साल, रंग लिहितो, फोटो काढतो. पण टाचणी कशाची हे सांगणारी माणसं आता मोजकीच उरलीत. तुमच्या गल्लीत असे कुणी मामा असतील तर वही घेऊन जा. आमच्या यादीत ती टाचणी आता वेगळ्या ओळीवर आहे.