स्क्रीनसेव्हर आणि सरांचं ‘सुस्वागतम्’

स्मरणिकेसाठी लेख मागताना वर्गमैत्रीण म्हणाली, “तुझ्या कामातलं काहीतरी लिही, पण आम्हाला कळेल असं.” म्हणून स्क्रीनसेव्हरचा इतिहास निवडला. आपल्यापैकी बहुतेकांनी कॉम्प्युटरवर सगळ्यात आधी पाहिलं ते हेच असणार, कारण कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती.

१९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिच्या साखर कारखान्याभोवती आपलं श्रीपूर वाढलं. कारखान्याच्या गावातल्या मुलांना यंत्राची एक समज असते. गळीत हंगामात यंत्र रात्रंदिवस चालतं आणि हंगाम संपला की ते खोलून दुरुस्तीला घेतात. चालू आहे पण काहीच करत नाही, असं यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते नववीत असताना, वडिलांबरोबर एका ऑफिसात गेले तेव्हा. चपला बाहेर काढून आत गेलो. काळ्या पडद्यावर चांदण्या आपल्या अंगावर येत होत्या. मी टेबलाला जरा रेलले, माऊस हलला आणि चांदण्या गायब! यंत्र मीच बिघडवलं, या भीतीने घरी येईपर्यंत तोंडातून शब्द फुटला नाही.

त्या चांदण्या कशासाठी होत्या, हे पुढे कळलं. जुने मॉनिटर म्हणजे काचेची मोठी नळी. आतून इलेक्ट्रॉनचा झोत काचेवरच्या फॉस्फरच्या थरावर आदळायचा आणि तिथे उजेड पडायचा. एकच अक्षर महिनोन् महिने एकाच जागी उजळत राहिलं, की तिथला फॉस्फर झिजायचा आणि मॉनिटर बंद केल्यावरही अक्षराची भुताटकी काचेवर दिसायची. यावरचा सुरुवातीचा प्रसिद्ध उपाय जॉन सोचा या प्रोग्रामरने केला. डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टटॉक’ मासिकात त्याने आयबीएम पीसीसाठी एक छोटा प्रोग्राम छापला. तीन मिनिटं कुणी की दाबली नाही, तर पडदा काळा. हा वेळ बदलायचा तर प्रोग्रामच नव्याने तयार करावा लागे.

पण काळा पडदा बघून माणसाला वाटतं, यंत्र बंद पडलं. म्हणून काहीतरी हलतं दाखवायची टूम निघाली. १९८९ मध्ये बर्कले सिस्टिम्सचा ‘आफ्टर डार्क’ आला आणि त्यातले पंख लावून उडणारे टोस्टर अमेरिकेत घरोघरी गाजले. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तर स्क्रीनसेव्हर सोबतच मिळू लागले. माझ्या चांदण्या त्यातल्याच. मे १९९९ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठाने ‘सेटी ॲट होम’ सुरू केलं. लाखो लोकांचे रिकामे कॉम्प्युटर स्क्रीनसेव्हरच्या आड अवकाशातून आलेले रेडिओ संकेत तपासू लागले.

त्याच सुमारास मी इंजिनिअरिंगला होते. २००१ च्या दिवाळीच्या सुट्टीत गावी आले, तर शाळेत विंडोज ९८ चे कॉम्प्युटर आले होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, “शाळेसाठी काही करशील का?” मी म्हटलं, स्क्रीनसेव्हर करते. विंडोजवर स्क्रीनसेव्हर म्हणजे साधाच प्रोग्राम असतो, फक्त फाइलच्या नावाचा शेवट ‘एक्झी’ऐवजी ‘एससीआर’ करायचा. विंडोज त्याला तीन प्रकारे हाक मारतं: पूर्ण पडद्यावर चाल, छोट्या चौकटीत नमुना दाखव किंवा सेटिंगची खिडकी उघड.

माझा पहिला प्रयत्न सुरू होताक्षणी बंद पडायचा. दोन रात्री त्यात गेल्या. नवी खिडकी उघडली, की माऊस न हलवताही विंडोज ‘माऊस हलला’ असा निरोप पाठवतं. त्यावर उपाय म्हणजे पहिली जागा लक्षात ठेवायची आणि पुढच्या निरोपाशी ताडून बघायची. तेवढ्यानेही भागलं नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, की टेबल हादरून गोळीचा माऊस सरकायचा. शेवटी पाच-सहा ठिपक्यांपेक्षा कमी हालचाल मोजायचीच नाही, असं ठरवलं. ही अट कुठल्याही पुस्तकात नव्हती, ती श्रीपूरच्या रस्त्याने घालून दिली.

खरी अडचण मराठीची होती. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ फाँट आला होता, पण शाळेतल्या विंडोज ९८ मध्ये देवनागरीची सोय नव्हती. मी चित्रकलेच्या सरांकडे गेले. स्नेहसंमेलनाला फळ्यावर खडूने जे ‘सुस्वागतम्’ ते लिहायचे, तेच आलेखाच्या कागदावर लिहून मागितलं. सरांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. प्रत्येक वळणाचे चौकोन मोजून मी आकडे उतरवले. सगळ्यात जास्त वेळ ‘स्व’ने खाल्ला. पडद्यावर अक्षरं तरंगू लागली तेव्हा सर चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “शिरोरेघ जरा वर गेलीय.” मी ती एक ठिपका खाली घेतली.

आज पडदे एलसीडीचे आहेत, त्यांना स्क्रीनसेव्हरची गरज नाही. वीज वाचवायची तर पडदा बंद केलेलाच बरा. या लेखासाठी जुन्या सीडीवरून ती फाइल आताच्या विंडोजवर घेतली आणि चालवून बघितली. चालली! मी तेव्हा ८०० बाय ६०० ठिपक्यांचाच पडदा गृहीत धरला होता, त्यामुळे ‘सुस्वागतम्’ मोठ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातच घुटमळत राहतं.

मग सेटिंगची खिडकी उघडली. त्यात लिहिलं होतं ‘निर्मिती’ आणि खाली माझं एकटीचं नाव, तेही इंग्रजी अक्षरांत. अक्षरं सरांची, तर मी फक्त ती हलवली होती. तेव्हा हे सुचलंही नाही, आणि सरांनीही कधी विचारलं नाही. सर आता नाहीत. तो फळाही गेला, भिंतींना नवा रंग आला. त्यांच्या हातचं वळण माझ्याकडे उरलंय ते एवढ्या आकड्यांमध्येच.

मूळ प्रोग्राम सापडत नाही, म्हणून तो नव्याने लिहिला आहे. आकडे मात्र त्या फाइलमधून जसेच्या तसे काढून घेतले. मेळाव्याच्या दिवशी सभागृहात शिरताना तुम्हाला पडद्यावर ‘सुस्वागतम्’ दिसेल, पूर्ण पडदाभर. आता निर्मितीखाली पहिलं नाव सरांचं आहे.