घराचा कागद आणि अ‍ॅडलेडची वही

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आमच्या मंडळींत घर घेण्याचा विषय निघाला की वडीलधारी माणसे पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा नव्हे, कागदाचा. विकणारा खरा मालक कशावरून? मूळ दस्त कोठे आहेत? भाऊबंदांच्या सह्या घेतल्या काय? तरुण मंडळी हसतात, कारण सिडनीत वा मेलबर्नमध्ये असे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तेथे विचारतात ते छताचे, वाळवीचे आणि बँकेच्या हप्त्याचे. वडिलांची भीती खोटी नाही आणि मुलांचे हसणेही अज्ञानाचे नाही. दोन्हींच्या मागे इतिहास आहे.

आधी आपल्या भीतीचे पाहू. कोकणातील आपली घरे सुटली, पण गावे आडनावांत राहिली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, झिराडकर अशी नावे आपण सातासमुद्रापलीकडे नेली. त्या गावांतील सातबाराच्या उताऱ्यावर मात्र आपल्यापैकी किती जणांचे नाव शिल्लक आहे? आजोबांच्या नावावर पाच वारस, त्या पाचांचे वीस. त्यांतले काही इस्राएलात, काही इंग्लंडात, आणि वारसाचा फेरफार कोणी घालून घेतलेलाच नाही, अशी अवस्था अनेक घराण्यांची आहे. शिवाय सातबारा हा मुळात महसुलाचा उतारा. त्यावर नाव असले तर ते खरे मानावयाचे, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच.

मुंबईत तर मालकीचा प्रश्नच अनेकांना शिवला नाही. डोंगरी, उमरखाडी, भायखळा येथील खोल्या पागडीच्या. पागडी देऊन हाती काय येई, तर नावावर केलेली भाडेपावती. १९४७ च्या भाडे कायद्याने पागडी गुन्हा ठरविली, तरी व्यवहार चालूच राहिले; १९९९ च्या कायद्याने त्यांना मान्यता दिली. मधल्या पन्नास वर्षांत ज्यांनी खोली सोडून आगबोट वा विमान गाठले, त्यांनी जे विकले ते घर नव्हते, घरात राहण्याचा हक्क होता, आणि त्याचाही वाटा घरमालक घेई.

ज्यांनी मालकीची जागा घेतली त्यांनाही निर्धास्त होता आले नाही. १९०८ चा नोंदणी कायदा दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. म्हणून वकिलाकडून तीस तीस वर्षांचा शोध घ्यावयाचा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावयाची, आणि तरी मनात धाकधूक ठेवावयाची. कागद जपण्याची ही काळजी फार जुनी आहे. यिर्मयाने सतरा शेकेल चांदी मोजून अनाथोथचे शेत घेतले तेव्हा साक्षीदारांसमक्ष खरेदीखत केले आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवविले. आमच्या आज्यांची पत्र्याची पेटी ही त्या भांड्याचीच पुतणी म्हणावयाची.

इंग्रजी राज्यात सर्वत्र हीच रीत होती. जमीन दर वेळी विकली गेली की मागच्या सर्व खरेदीखतांची साखळी पुन्हा तपासावयाची. एक कडी हरवली वा खोटी निघाली की शेवटचा खरेदीदार बुडाला. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ साली सुरू झाली आणि वीस वर्षांतच तेथील जमिनींचे कागद गुंतागुंतीचे झाले, कारण जमिनी भराभर हातोहात फिरत होत्या.

रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स हा आयर्लंडातील कॉर्कचा मनुष्य १८४० च्या अखेरीस अ‍ॅडलेडला आला आणि जकात खात्याचा प्रमुख झाला. तो वकील नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जकातीच्या कामात त्याचा संबंध जहाजांशी येई. जहाजाची मालकी एका सरकारी वहीत नोंदलेली असते. जहाज विकले की वहीत नाव बदलते, मागच्या दहा मालकांचे कागद कोणी चाळत नाही. जमिनीचे असे का होऊ नये, असे त्याने मांडले. हॅम्बुर्ग शहरात अशी मालकीनोंद पूर्वीपासून होती आणि तिची माहिती उलरिख ह्यूबे या जर्मन कायदेपंडिताने अ‍ॅडलेडमध्ये पुरविली. श्रेय कोणाचे किती यावर इतिहासकार अजून भांडतात. आमच्या मते कल्पना दोघांची असो वा चौघांची, ती कायद्यात उतरविण्याची चिकाटी टॉरेन्सचीच. तो सप्टेंबर १८५७ मध्ये महिनाभर वसाहतीचा मुख्यमंत्रीही होता. जानेवारी १८५८ मध्ये कायदा संमत झाला, २ जुलै १८५८ पासून तो अमलात आला, आणि विधिमंडळ सोडून टॉरेन्स स्वतःच ती वही सांभाळावयास बसला.

कायद्याचा गाभा एका वाक्याचा आहे. वहीत ज्याचे नाव तो मालक, आणि हे सरकार हमीने सांगते. आपल्याकडे मालकी असते आणि मग तिच्या कागदाची नोंद होते. तेथे नोंद झाली म्हणजेच मालकी मिळते. गहाण असेल तर तेही त्याच पानावर दिसते.

वकीलवर्ग खवळला, कारण साखळी तपासण्याची फी गेली. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर वकील नसलेले परवानाधारक दलालही हे खरेदीचे काम करू लागले; आज इतर राज्यांत जे ‘कन्व्हेयन्सर’ दिसतात ते याच जातीचे. बेंजामिन बूथबी नावाच्या न्यायाधीशाने हा कायदाच अवैध ठरविण्याचा सपाटा लावला. अखेर १८६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींचे कायदे वैध असल्याचा कायदा केला आणि १८६७ साली बूथबीला पदावरून दूर करण्यात आले. तोवर क्वीन्सलंडने १८६१ साली, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि टास्मानिया यांनी १८६२ साली ही पद्धत उचलली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १८७४ साली ती घेतली.

मात्र या वहीच्या पहिल्या पानाआधीचे काय? अ‍ॅडलेडची भूमी कौर्ना लोकांची. वसाहत स्थापन करणाऱ्या १८३६ च्या राजपत्रात मूळ रहिवाशांच्या ताब्यातील व वहिवाटीतील जमिनींचे हक्क अबाधित राहतील असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात जमिनी विकल्या गेल्या आणि वहीत त्यांचे नाव कोठेही आले नाही. ज्या व्यवस्थेत नोंद म्हणजेच हक्क, तेथे नोंद नसणे म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. ज्यांच्या आडनावात गाव आहे पण उताऱ्यावर नाव नाही, त्यांना तरी हे दुःख परके वाटू नये. ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा हक्क प्रथमच मान्य केला आणि १९९३ साली त्यासाठी कायदा झाला. तेव्हा पुष्कळांनी भयभीत होऊन विचारले, उद्या आमचे घर कोणी मागेल काय? उत्तर असे की पूर्ण मालकीने दिलेल्या जमिनीवर तो हक्क संपुष्टात आला, असेच न्यायालयांनी धरले आहे. घर सुरक्षित आहे. ते कोणाच्या नुकसानीवर सुरक्षित झाले, एवढे माहीत असावे.

वहीची दुसरी कठोर बाजूही आहे. १९६७ साली न्यूझीलंडमधील एक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. तेथेही हीच पद्धत. पत्नीने पतीची खोटी सही करून घर गहाण टाकले, कर्ज फिटले नाही, घर विकले गेले. निर्णय झाला की निर्दोष खरेदीदाराचे नाव वहीत आले, म्हणून घर त्याचे. अशा बळींसाठी टॉरेन्सच्या काळापासून भरपाईचा निधी ठेवलेला असतो. पैसे मिळतात, घर परत मिळेलच असे नाही. म्हणून आज विक्रेत्याची ओळख पटवून घेण्याचा एवढा काच असतो.

फ्लॅटबाबत आपली मुंबईकर मंडळी बुचकळ्यात पडतात. आपल्याकडे फ्लॅट म्हणजे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट. न्यू साउथ वेल्सने १९६१ साली ‘स्ट्राटा’ कायदा करून हवेतल्या प्रत्येक फ्लॅटला वहीत स्वतंत्र पान दिले. जिना, गच्ची, बाग सर्वांची सामाईक आणि त्यांचा खर्च सर्वांनी भरावयाचा. घेण्याआधी त्या मंडळाची इतिवृत्ते अवश्य वाचावीत. गळक्या गच्चीची भांडणे तेथे सापडतात.

तेव्हा कागदाची चिंता सरकारने घेतली, पण बाकीच्या चिंता खरेदीदाराच्याच राहिल्या. भिंतीला तडा आहे की नाही हे वहीत लिहिलेले नसते. त्यात ‘लिलाव’ हा शब्द ऐकून आपली म्हातारी माणसे दचकतात, कोणाचे दिवाळे निघाले म्हणून विचारतात. तेथे शनिवारी भर रस्त्यात होणारा लिलाव ही विक्रीची एक नित्याची रीत आहे, दिवाळखोरीची खूण नव्हे. मात्र एक गोष्ट ध्यानात धरावी. साध्या खरेदीत सही केल्यावर मागे फिरण्याची मुदत मिळते, न्यू साउथ वेल्समध्ये कामाचे पाच दिवस, व्हिक्टोरियात तीन, दक्षिण ऑस्ट्रेलियात दोन. लिलावात हातोडा पडला की ती नाही. म्हणून घराची तपासणी आणि बँकेची संमती ही दोन कामे लिलावाच्या आधीच उरकावीत.

विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट अलीकडची आहे. २० सप्टेंबर १९८५ रोजी तेथे भांडवली नफ्यावर कर आला तेव्हा स्वतःच्या राहत्या घराला सूट होती, आणि ती अजून आहे. परंतु १ जुलै २०२० पासून विक्रीच्या करारावेळी जो करदृष्ट्या परदेशवासी असेल त्याला, थोडे अपवाद सोडता, ही सूट मिळत नाही. मुलांकडे इस्राएलात कायमचे जावयाचे ठरवून घर मागाहून विकू म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. १ जानेवारी २०२५ पासून तर घर केवढ्याचेही असो, तेथील रहिवासी विक्रेत्यानेही कर खात्याचा दाखला दिला नाही, तर खरेदीदाराला किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून कर खात्यात भरावी लागते.

पत्र्याच्या पेटीचे मात्र आता काम उरले नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने जुलै २०१६ पासून आणि न्यू साउथ वेल्सने ११ ऑक्टोबर २०२१ पासून मालकीची कागदी प्रमाणपत्रे रद्द केली. जुने प्रमाणपत्र जपून ठेवावयास हरकत नाही. काही जण चौकटीत घालून भिंतीवर लावतात. मालकी संगणकातील त्या वहीत असते.