द्वारका चौकातले चलान आणि १९३९ सालचे रजिस्टर पत्र

मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता जेथे मिळतो, तो नाशिकचा द्वारका चौक. अशा चौकात वाहतुकीचा नियम मोडला, तर आपण घरी पोहोचण्याआधी चलानाचा संदेश मोबाइलवर येऊ शकतो आणि दोन मिनिटांत पैसे भरूनही होतात. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. ही सोय इंटरनेटने दिली, असा आपला समज असतो. मित्रहो, ती त्याहून बरीच जुनी आहे.

आधी थोडे मागे जाऊ. पेशवाईतील निवाड्यांच्या कागदांत दोन रकमा भेटतात. हरलेल्याने भरायची ती ‘गुन्हेगारी’, जिंकलेल्याने भरायची ती ‘हरकी’. न्याय मिळाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ जिंकणाराही सरकारात पैसे भरी! (तो आनंद कितपत खरा असे, हे पक्षकारच जाणोत.)

इंग्रजी अमलात फौजदारी खटला म्हटला की समन्स आणि तारीख आली. मोटारी वाढल्या, तसे किरकोळ गुन्ह्यांसाठी प्रत्येकाला कोर्टात उभे करणे अवघड होऊ लागले. मग १९३९च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३०ने एक वाट काढली. काही गंभीर गुन्हे वगळता, न्यायालय समन्सवरच लिहू शके : तुम्ही वकिलामार्फत हजर राहा; किंवा ठरलेल्या तारखेआधी रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करा आणि नमूद रक्कम पाठवा. काही गुन्ह्यांत कबुलीपत्रासोबत लायसन्सही पाठवावे लागे, कारण शिक्षेची नोंद त्यावर व्हायची असे. रक्कम पोहोचली की प्रकरण संपले.

येथे नाशिकचा एक धागा जुळतो. द्वारकेहून पुणे रस्त्याने निघालो की नाशिकरोड लागते. तेथील सिक्युरिटी प्रेस १९२५ची. त्यापूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या ‘डी ला रू’ कंपनीकडून छापून येत. म्हणजे १९४०च्या सुमारास कोणी असे कबुलीपत्र धाडले असेल, तर त्यावरचे तिकीट बहुधा नाशिकरोडचेच!

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हीच सवलत इतर क्षुल्लक गुन्ह्यांनाही दिली. समन्समधील दंडाची मर्यादा तेव्हा १०० रुपये होती. २०२३च्या नागरिक सुरक्षा संहितेत ती ५,००० आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात जुने कलम १३० हे कलम २०८ म्हणून पुन्हा अवतरले. ऑक्टोबर २०२०मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे राज्यातले पहिले आभासी न्यायालय सुरू झाले. टपालाची जागा पडद्याने घेतली. मूळ रचना तीच राहिली.

आता खरा मुद्दा. पोलिसांकडे भरलेले ई-चलान ही कलम २००खालची तडजोड असते. तेथे प्रकरण न्यायाधीशांपुढे न जाताच मिटते. आभासी न्यायालयात भरलेली रक्कम मात्र गुन्ह्याच्या कबुलीसह भरलेला दंड असतो. रजिस्टर पत्र लिहिणाऱ्याला ‘गुन्हा कबूल’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहावे लागत, त्यामुळे आपण काय मान्य करतो आहोत हे त्याला ठाऊक असे. आज तेच एका बटणात मावते, आणि गाडी त्या दिवशी दुसऱ्याच्याच हाती असली तरी आपण ते दाबून मोकळे होतो. त्याच पडद्यावर, शेजारीच, खटला लढवण्याचाही पर्याय असतो. तो निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जाते. तेथे मात्र पुन्हा समन्स आणि तारीख!