बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे

अतिस्थूलता आणि तिच्या सोबतीने येणारे मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडणे यांसारखे विकार यांवर उपाय म्हणून जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून रुग्ण घरच्या साध्या जेवणावर परत येईपर्यंतचा काळ. तो साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो. रुग्णालयातला मुक्काम त्यातले दोन-तीन दिवस. बाकी सगळा काळ घरी जातो. त्यामुळे पुण्यातल्या बिबवेवाडीसारख्या वस्तीत हा काळ कसा निभावतो हे पाहायचे तर शस्त्रक्रियागृहापेक्षा स्वयंपाकघर, जिना आणि शेजार यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

पुण्याचे आणि या शस्त्रक्रियेचे नाते बातम्यांपुरते नाही. इथले शल्यचिकित्सक शशांक शहा, जयश्री तोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील डेव्हिड कमिंग्ज यांच्यासोबत २०१० मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२ ते ३५ असलेल्या, म्हणजे रूढ अर्थाने फारसे जाड नसलेल्या १५ मधुमेहींवर जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली होती. एका महिन्यात त्यांपैकी ८० टक्के रुग्णांची मधुमेहाची औषधे बंद झाली, तीन महिन्यांत सगळ्यांची. पंधरा रुग्णांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. पण वजन पुरेसे उतरायच्या आधीच साखर खाली येते, ही पहिल्या आठवड्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यातून दिसते. भारतीय माणूस काट्यावर हलका भरला तरी आतून चरबी बाळगून असतो, हे पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका गाजलेल्या टिपणात स्वतःच्या शरीराचे उदाहरण देऊन मांडले होते: बीएमआय २२.३ असलेल्या दोन डॉक्टरांपैकी ब्रिटिश सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा खाली आणण्यामागे हेच कारण आहे. महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचला तो मात्र २०११ मध्ये नितीन गडकरींनी करून घेतलेल्या शस्त्रक्रियेमुळे आणि २०१७ मध्ये वजनासाठीच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलेल्या इजिप्तच्या इमान अहमद यांच्या बातम्यांमुळे. वर्तमानपत्रांनी आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. मधल्या सहा आठवड्यांचे छायाचित्र कोणी काढत नाही.

सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलीटरची पिशवी बनवून ती लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत कापलेली कड बारीक धातूच्या पिनांनी शिवलेली असते. ही शिवण पक्की होईपर्यंत तिच्यावर ताण येऊ द्यायचा नाही, या एका गरजेतून पथ्याचे बहुतेक नियम निघाले आहेत.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच संध्याकाळी रुग्णाला उठवून चालवतात. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हे चालणे असते आणि त्यासाठीच पोटावर किंवा मांडीत रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शनही देतात. खांदा दुखू लागला की घरचे हृदयाच्या शंकेने घाबरतात. बहुधा ते दुखणे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचे असते. तो छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात उमटते. चालण्याने ती दोन-चार दिवसांत ओसरते. तीन रंगीत गोळ्यांचे प्लॅस्टिकचे यंत्र प्रत्येकाच्या उशाशी असते. पाहुणे ते हमखास फुंकून दाखवतात. ते फुंकायचे नसते; नळीतून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर धरून ठेवायच्या. फुप्फुसांचा खालचा भाग उघडा राहावा हा त्याचा हेतू.

घरी आल्यावर पहिली लढाई पाण्याची. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवे, आणि एका वेळी जाते जेमतेम ३० मिलिलीटर. खोकल्याच्या औषधावरचे मापाचे टोपण धुऊन घ्यावे. १५ मिलिलीटरची दोन टोपणे, एकेक घोट थांबून. दीड लिटरसाठी असे पन्नास वेळा प्यावे लागते. जागेपणाचे चौदा तास धरले तर दर सतरा मिनिटांनी एकदा. बरेच जण मोबाइलवर गजर लावतात आणि तिसऱ्या दिवशी त्या गजराला कंटाळतात. घटाघटा प्यायले की छातीत मध्यभागी दगड बसल्यासारखे दुखते, तोंडाला पाणी सुटते आणि उलटी होते. पहिल्या महिन्यात पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे. वजन कमी करायला आलेल्या माणसाला जेवण कसे आवरायचे याची धास्ती असते. प्रत्यक्षात त्याला पिणे कसे वाढवायचे हे शिकावे लागते. स्ट्रॉ आणि सोडा वर्ज्य, कारण दोन्हींतून पोटात हवा जाते.

अन्नाचा क्रम ढोबळमानाने असा: एक-दोन दिवस गाळलेले पातळ द्रव, मग दोनेक आठवडे दूध, ताक, सूप, त्यानंतर दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, पुढे मऊ, आणि सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास चावून खायचे. दिवसांचा हिशेब प्रत्येक शल्यचिकित्सक आपापला देतो आणि तोच पाळायचा असतो. मराठी घराला हे पथ्य ओळखीचे वाटते. भाताची पेज, मुगाचे कढण, टोमॅटोचे सार, पातळ ताक, मांसाहारी घरात कोंबडीचा अळणी रस्सा: तापातून उठलेल्या माणसाला देण्याचे हे सगळे आयतेच ठाऊक असते. पण गफलत इथेच होते. पेजेत पिठूळ भाग असतो, प्रथिने नगण्य. वरणाचे वरवरचे गाळलेले पाणी पिवळे दिसते, त्यात डाळ नसते. जखम भरायला आणि स्नायू टिकवायला रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. साध्या दुधाच्या १०० मिलिलीटरमध्ये ती सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या दुधातून ६० ग्रॅम मिळवायला पावणेदोन लिटरच्या वर दूध लागेल, आणि मग बाकी काही प्यायला पोटात जागा उरणार नाही. म्हणून आहारतज्ज्ञ प्रथिनांची पावडर लिहून देतात. ‘जिमवाल्यांची पावडर’ म्हणून आजी नाक मुरडते. हा एक विरोध मात्र मोडून काढावा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात कुस्करलेले पनीर, मऊ उकडलेले अंडे, घट्ट मुगाचे वरण आले की पावडरीवरचा भार कमी होतो.

शहाळ्याच्या बाबतीत जपून राहावे. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी आणतो आणि मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर असल्याने फळांच्या पिशव्यांनाही खळ नसतो. शहाळ्याचे पाणी थोडे चालते, पण दिवसभराचे पाणी त्यावर काढले तर साखरही त्या प्रमाणात जाते. बायपास झालेल्याने फळांचा रस किंवा गुळाचे पन्हे प्यायले तर धडधड, घाम, मुरडा आणि जुलाब असा झटका येऊ शकतो. साखर थेट लहान आतड्यात उतरल्याने हे होते. पोळी आणि मोकळा नसलेला भात हे दोन पदार्थ सर्वांत उशिरा जमतात. नीट न चावलेल्या पोळीचा गोळा अरुंद नळीत अडकतो. जेवताना पाणी पिण्याची सवय सोडावी लागते. जेवणाच्या आधी-नंतर अर्धा तास पाणी नाही.

औषधांची फेरमांडणी पहिल्याच दिवसापासून होते. मधुमेहाच्या काही गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या तर साखर धोकादायक खाली जाते, म्हणून घरी ग्लुकोमीटर हवा आणि मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा. रक्तदाबाचेही तेच, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली तर दाब मोजून कळवावे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या नव्या जठराला व्रण करू शकतात. त्या टाळायच्या, डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल चालते. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम आणि ब१२ कायमची सोबत असतात. उलट्या दिवसेंदिवस थांबत नसतील तर ब१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन तोल जाणे, दोन दोन दिसणे, गोंधळणे अशी मेंदूची इजा होऊ शकते. ‘ऑपरेशन झालंय, उलट्या व्हायच्याच’ असे म्हणून घरी बसणे त्यामुळे महागात पडते.

शिवण गळू लागणे हा विरळा पण जिवावरचा प्रसंग. विश्रांतीतही नाडी १२०च्या पुढे, ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, काहीतरी बिनसल्याची तीव्र भावना यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. एका पोटरीला सूज व कळ, किंवा अचानक छातीत दुखून धाप लागणे हेही तितकेच तातडीचे. रात्री जवळच्या दवाखान्यात धाव घ्यावी लागली तर डिस्चार्ज कार्ड हातात असावे आणि कोणती शस्त्रक्रिया कधी झाली हे पहिल्या वाक्यात सांगावे. नाकातून पोटात नळी घालायचा सर्वसाधारण उपाय इथे अंदाजाने करायचा नसतो, हे तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला कळायला हवे.

बिबवेवाडीतल्या जुन्या सोसायट्या तीन-चार मजल्यांच्या, अनेक ठिकाणी लिफ्ट नाही. जिना सावकाश चढायला हरकत नसते. मनाई वजन उचलण्याची असते, साधारण महिना-दीड महिना. पाण्याची भरलेली बादली, नातवंड आणि १४.२ किलो गॅस भरलेला सिलिंडर यांना हात लावू नये. चालणे रोज वाढवावे, पण सुरुवात सोसायटीच्या आवारातल्या सपाटीवर. अप्पर इंदिरानगरचा चढ आणि तळजाईची टेकडी नंतर आहेतच.

‘एवढ्याशाने काय होणार, अजून एक चमचा घे’ हा आग्रह प्रेमाचा असतो आणि त्या एका चमच्यानेच उलटी होते. शेजाऱ्यांना काय सांगायचे हा प्रश्न वेगळा. बायका बहुधा ‘हर्नियाचं ऑपरेशन’ किंवा ‘पित्ताशयाचं’ म्हणून वेळ मारून नेतात, कारण वजनासाठी पोट कापून घेणे हा आळशी माणसाचा पळवाटेचा मार्ग आहे अशी समजूत अजून पक्की आहे. पळवाट म्हणणाऱ्याने शंभर टोपणांचा दिवस एकदा काढून पाहावा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ‘हे का करून घेतलं’ असे वाटून रडू येणे नेहमीचे आहे: शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास येतो, भूक नसते, खायची इच्छा मात्र जागी असते. भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ‘स्लीव्ह’मध्ये काढून टाकलेल्या भागात तयार होते, त्यामुळे पोट गप्प असते. वर्षानुवर्षे खाण्यावर टेकलेले मन गप्प नसते. उदासी दोन आठवडे हटली नाही तर समुपदेशकाकडे जावे. याच सुमारास काटाही अडतो. पहिल्या पंधरवड्यात भरभर उतरलेले वजन तिसऱ्या आठवड्यात आठ-दहा दिवस हलत नाही. शरीरातले पाणी पुन्हा सावरत असते, शस्त्रक्रिया फसलेली नसते. काटा आठवड्यातून एकदाच काढावा.

बैठे काम असणारे दोन-तीन आठवड्यांत कामावर जातात. हमाली, बांधकाम, मार्केट यार्डातली उचल-ठेव करणाऱ्यांना सहा आठवडे लागतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला, वर्गणीच्या अटी पूर्ण होत असल्यास, आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी योजनेच्या डॉक्टरचा दाखला लागतो. या योजनेचे रुग्णालय बिबवेवाडीतच आहे. खासगी आरोग्य विम्यासाठी विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या चौकटीत बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, ही अट आहे. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ वेगळा वाचावा.

केस गळणे या आठवड्यांत होत नाही. ते तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, सहाएक महिन्यांनी बहुधा थांबते, आणि तेव्हा घरचे पुन्हा एकदा पावडरीला दोष देतात.