मोहाची दारू (नांदेड-लातूर)

मोहाची (मधुका लाँजिफोलिया, कुल सॅपोटेसी) फुले आंबवून व त्यांचे ऊर्ध्वपातन करून काढलेले मद्य. नांदेड जिल्ह्यात किनवट व माहूर या पैनगंगेकाठच्या जंगली तालुक्यांत गोंड, कोलाम, परधान, आंध या समाजांत रूढ. गोंडांच्या पेनपूजेत (पेन म्हणजे देव) व लग्न-मर्तिकात ती लागते.

फूल : मार्च-एप्रिलमध्ये, झाडावर पान नसताना, मांसल पिवळसर फुले पहाटे गळतात. वेचणी सोपी जावी म्हणून खालचा पालापाचोळा जाळतात. त्यातून वणवे लागतात, ही वनखात्याची जुनी तक्रार. वाळलेले फूल तपकिरी होते. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक शर्करा असते. दारूइतकाच त्याचा खाण्यासाठीही उपयोग होतो, हे बहुतेक नोंदींत सुटते.

कृती : जपानी साकेशेजारी ठेवल्यास मोहाची रीत चटकन कळते. साके तांदळाची; तांदळात साखर नसते, पिष्ट असते. म्हणून वाफवलेल्या तांदळावर कोजी ही बुरशी (ॲस्परजिलस ओरायझी) वाढवतात. पिष्टाची साखर होणे आणि साखरेचे अल्कोहोल होणे ही दोन्ही कामे एकाच पिंपात बरोबरीने चालतात. उंची साकेसाठी दाण्याचा बाहेरचा प्रथिने-स्निग्धांशाचा थर घासून काढतात. गिंजो प्रतीत दाणा ६० टक्के किंवा त्याहून कमी उरतो, दाइगिंजोत ५० टक्के किंवा कमी. मोहाला यातले काही लागत नाही. साखर आयती, यीस्टही फुलाबरोबरच येते. मडक्यात भिजवलेली फुले उन्हाळ्यात काही दिवसांत फसफसतात, थंडीत वेळ घेतात. साके या टप्प्यावर गाळून घेतात व बहुधा पाणी घालून १५-१६ टक्क्यांवर आणतात. मोहाचे आंबवण चुलीवर चढते. मडक्याच्या तोंडावर गार पाण्याचे भांडे ठेवतात, त्याच्या बुडाला वाफ थंडावून धार पडते. वरचे पाणी तापले की बदलतात. जसजसे पाणी बदलत जावे तसतशी धार हलकी. प्रत ठरते ती इथे : पहिल्या धारेची कडक, नंतरची पाण्यासारखी. नवसागर घालणे ही बाजारू हातभट्टीची चाल. घरच्या कार्यासाठी काढलेल्या मोहाशी तिची सर्रास गल्लत होते.

इतिहास : चरकसंहितेतील मधूकासव नुसते आंबवलेले, त्या अर्थाने साकेला जवळचे. भारतात ऊर्ध्वपातनाचा आरंभ केव्हा झाला याबद्दल एकमत नाही. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्यामुळे येथील गोंडांसाठीही आधाराला घ्यावे लागते ते मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांचे १९४० च्या दशकातील आदिलाबादचे काम.

कायदा : निजामी राज्यात आबकारी हे महसुलाचे मोठे साधन होते व मद्याचे ठेके दिले जात. मुंबई इलाख्याने ठाणे-कुलाब्याच्या बाजूला १८९२ च्या कायद्याने मोहाफुलांवरच निर्बंध घातले. किनवट निजामी राज्यात असल्याने त्या कक्षेबाहेर. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. तेव्हापासून या दारूची लेखी नोंद मुख्यतः पंचनाम्यांत सापडते : इतके लिटर रसायन (आंबवण), इतकी भांडी, जागीच नष्ट. जी भट्टी पोलीस येण्याआधी विझवावी लागते तिची दारू मुरवत ठेवणार कोण? साकेसारखी प्रतवारी इथे रुजली नाही, त्याचे कारण कसबाच्या उणिवेत शोधू नये. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या नियमनाचा अधिकार दिला. किनवटमधील बरीच गावे या क्षेत्रात येतात. राज्याने २०२१ मध्ये मोहाफुलांच्या संकलन व साठवणुकीवरील निर्बंध सैल केले. परवानाधारक उत्पादन मात्र अन्यत्र, उदा. पालघर जिल्ह्यात डहाणूला.

नांदेडचा दक्षिण भाग : तेलंगण सीमेवरील बिलोली, देगलूर, धर्माबाद तालुक्यांत मोहापेक्षा शिंदी.

लातूर : वनक्षेत्र नगण्य, मोह तुरळक.