गालिचा, भारतीय

सुती ताण्यावर लोकरीच्या किंवा रेशमाच्या धाग्याची एकेक गाठ हाताने मारून, लव राखून विणलेले जाड बैठकीचे वस्त्र. लव न राखता सपाट विणतात ती सतरंजी किंवा दरी. गालिचा थोरामोठ्यांच्या आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या मागणीवर वाढला, सतरंजी घरोघरच्या वापरावर.

गालिच्याचा माग बहुधा उभा असतो. ताण्याच्या शेजारच्या दोन दोऱ्यांपैकी एकाला पूर्ण वेढा द्यायचा, दुसऱ्याच्या फक्त मागून धागा काढायचा आणि पुढे ओढून सुरीने कापायचा, अशी ही इराणी पद्धतीची गाठ. गाठींची ओळ पुरी झाली की आडवा बाणा घालून ती लोखंडी पंजाने ठोकून बसवतात. उतरवलेला गालिचा धुणे, ताणणे आणि लव कातरून सारखी करणे ही कामे पुष्कळदा वेगळे कारागीर करतात. चौरस इंचात किती गाठी, हे विक्रेते आधी सांगतात. जाड लोकरीच्या मालात त्या शंभराच्या आत असतात, काश्मिरी रेशमी मालात तीनशेच्या पुढेही जातात. दाट गाठींमुळे रेघ बारीक येते हे खरे, पण वाईट नक्षी त्याने चांगली होत नाही.

काश्मिरात नक्षी कागदावर चित्ररूपाने नव्हे, तर ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत उतरवतात. कोणत्या रंगाच्या किती गाठी, एवढेच तिच्यात असते. एकजण ती मोठ्याने वाचतो आणि मागावरचे त्याप्रमाणे गाठी मारत जातात. ही लिपी मूळची ‘कानी’ या काश्मिरी विणीच्या शालींची. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर शालींची फ्रेंच बाजारपेठ कोसळली, तेव्हा बरेच शालविणकर गालिच्यांकडे वळले आणि येताना तालीम घेऊन आले.

मोगल दरबाराने या कलेला वळण दिले. अकबराच्या काळी आग्रा, फतेहपूर आणि लाहोर येथे गालिचे विणले जात, अशी नोंद अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त केली आहे. वीस गजांहून लांब असलेल्या एका गालिच्याला 1810 रुपये खर्च आला आणि जाणकारांनी त्याची किंमत 2715 रुपये ठरवली, हेही तो टिपतो. आरंभीच्या नक्ष्या उघडच इराणी वळणाच्या आहेत. जहांगीर आणि शाहजहान यांच्या काळात मात्र देठ, पाने, पाकळ्या ओळखू याव्यात अशी फुलझाडे मोकळ्या लाल जमिनीवर ओळीने उभी राहिली. हा लाल रंग लाखेचा. त्यावर गुलाबी छटा बाह्यरेषा न काढता थेट बसवायची, म्हणजे पाकळी रंगवल्यासारखी वाटते. भारतीय गालिच्याचे वेगळेपण शोधायचे ते इथे. याच काळात पश्मिन्याच्या लवीचे काही गालिचे झाले. त्यांच्या उरलेल्या तुकड्यांत चौरस इंचाला 2000 हून अधिक गाठी आढळतात.

परदेशी मागणीही तेव्हापासूनची. ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट बेलने लंडनच्या गर्डलर्स कंपनी या व्यवसाय-संघाला 1634 मध्ये भेट दिलेला गालिचा लाहोरचा असून त्यात त्या संस्थेचे आणि बेलचे मानचिन्ह विणलेले आहे. दख्खनी गालिचे डच व्यापाऱ्यांमार्फत जपानला गेले. क्योटोच्या गिऑन उत्सवातल्या रथांवर ते आजही जपलेले आहेत.

1851 च्या लंडन प्रदर्शनानंतर मागणी वाढली आणि हे काम तुरुंगांत शिरले. जबलपूरला ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने उभारलेल्या उद्योगशाळेत माफीचे साक्षीदार झालेले ठग तंबू आणि गालिचे बनवत. आग्रा, लाहोर आणि पुण्याजवळचे येरवडा येथील तुरुंगांतही माग होते. विंडसर राजवाड्यातल्या वॉटर्लू दालनाचा प्रचंड एकसंध गालिचा आग्र्याच्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणला. त्याचे वजन सुमारे दोन टन आहे. 1992 च्या आगीत तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. कैद्यांच्या स्वस्त मजुरीमुळे बाहेरचा कारागीर मोडला आणि नक्षीही बिघडली, अशी टीका बेळगावात जन्मलेला कला-अभ्यासक जॉर्ज बर्डवुड याने 1880 मध्ये केली. विंडसरचा गालिचा पाहिला तर कारागिरीबद्दल बर्डवुड थोडा अन्याय करतो, पण मजुरीबद्दल त्याचे म्हणणे बिनतोड आहे.

आज उत्तर प्रदेशातला भदोही-मिर्झापूर हा मुख्य पट्टा. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. माग गावोगावच्या घरांत, ऑर्डर निर्यातदाराकडे, मध्ये ठेकेदार, अशी तिथली रचना. तिच्यातच बालमजुरी लपली. या बालमजुरीविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये ‘रगमार्क’ हे प्रमाणचिन्ह सुरू झाले.

दरीत बाणा पंजाने ठोकून इतका दाट बसवतात की ताणा दिसत नाही. त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या जमखाना नावाच्या दऱ्यांवर मोर आणि भौमितिक आकृत्या असतात. त्या परंपरेने स्त्रियाच विणतात.

‘हॅण्ड-टफ्टेड’ म्हणून विकला जाणारा माल गाठींचा नसतो. त्यात यंत्रपिस्तुलाने धागे कापडात घुसवून मागून लॅटेक्सने चिकटवतात. घेण्यापूर्वी गालिचा उलटावा: खऱ्या विणीची नक्षी पाठीवरही गाठ न् गाठ दिसते. पाठीला कापड डकवलेले असेल तर तो गाठींच्या भावाने घेऊ नये.